हळदीचा दाखला

हिंगोली जिल्ह्याचे नाव घेतले की परगावच्या मनुष्यास औंढा नागनाथाचे देवालय आठवते, किंवा नामदेवांची नरसी आठवते. परंतु त्या जिल्ह्यातील संसार ज्या पिकांवर चालतात, त्यांत हळदीचे स्थान मोठे आहे. तेथील काळ्या रानांत मृगाच्या आगेमागे हळदीचे बेणे लावतात. आठ-नऊ महिने त्याची राखण होते. मग गड्डे खणून काढावयाचे, शिजवावयाचे, उन्हात वाळवावयाचे, ढोलात घालून घासावयाचे, तेव्हा कोठे पिवळेधमक हळकुंड वसमत-हिंगोलीच्या बाजारात सौद्यास येते. कापले-खरचटले तर जखमेवर चिमूटभर हळद दाबावी, हे तेथील लहान मुलासही शिकवावे लागत नाही. असे असता २८ मार्च १९९५ रोजी सातासमुद्रापलीकडे अमेरिकेच्या पेटंट-कचेरीने जखम भरून आणण्यासाठी हळद वापरण्याचा अनन्य हक्क, एक नवा शोध म्हणून, मिसिसिपी विद्यापीठाच्या वैद्यकीय केंद्रास बहाल केला. हा हक्क पुढे रद्द झाला. तो रद्द करविण्यात ज्यांनी पुढाकार घेतला, त्या डॉ. रघुनाथ अनंत माशेलकर यांची कारकीर्द म्हणजे विज्ञान, उद्योग आणि राज्यकारभार यांचा परस्परसंबंध कसा असावा, या प्रश्नाचा आयुष्यभर केलेला अभ्यास होय.

प्रथम एक गैरसमज दूर केला पाहिजे. हळद या वनस्पतीवर किंवा हळकुंडाच्या व्यापारावर अमेरिकेने कोणाची मालकी मान्य केली नव्हती. हक्क होता तो हळदीच्या एका विशिष्ट उपयोगाचा, आणि तोही त्या एका देशापुरता. हिंगोलीच्या शेतकऱ्यास कोणी हळद पिकविण्याची बंदी करू शकले नसते. तथापि प्रश्न पैशाहून मोठा होता. जे ज्ञान पिढ्यान्‌पिढ्या घरोघरी नांदत आले, ते दुसऱ्याने आपल्या नावावर चढवावे आणि कायद्याने त्यास मान डोलवावी, हे कसे घडू शकले?

याचे उत्तर कायद्याच्या एका बारकाव्यात आहे. पेटंट मिळावयाचे तर शोध नवा असावा लागतो. परंतु नवा म्हणजे कोणास नवा? अमेरिकेच्या त्या वेळच्या कायद्याप्रमाणे एखादी गोष्ट अमेरिकेत पूर्वीपासून माहीत असेल वा वापरात असेल तर ती जुनी ठरे. मात्र परदेशातील नुसता वापर जमेस धरला जात नसे. परदेशातील ज्ञान छापील ग्रंथात वा पेटंटात नमूद असेल तरच ते पुरावा म्हणून चाले. म्हणजे हिंदुस्थानातील कोट्यवधी गृहिणींच्या हातांस साक्ष देण्याचा अधिकार नव्हता. छापलेल्या एका कागदास तो होता. जे अंगणात सिद्ध झाले होते, ते कचेरीत असिद्ध ठरले.

या कागदाचे महत्त्व ओळखणाऱ्या माशेलकरांचा जन्म १९४३ साली गोव्यातील माशेल या गावी झाला. वडील लवकर निवर्तले. आई अंजनी मुलास घेऊन मुंबईस गिरगावात आली, आणि शिवणकाम व मिळेल ती मोलमजुरी करून तिने त्यास शिकविले. युनियन हायस्कुलातील भावे नावाच्या शिक्षकांची एक आठवण त्यांनी अनेकदा सांगितली आहे. भावे सरांनी बहिर्गोल भिंगातून सूर्यकिरण एका बिंदूवर आणून कागद जाळून दाखविला, आणि मनाची शक्ती अशीच एकवटली तर काय साधणार नाही, असे मुलांस सांगितले. त्या प्रयोगाने विज्ञानाची गोडी लागली, असे ते म्हणतात. १९६० साली ते शालान्त परीक्षा उत्तम रीतीने उत्तीर्ण झाले; तरी पुढील शिक्षणास पैसा नव्हता. सर दोराबजी टाटा विश्वस्त निधीने दरमहा साठ रुपयांची शिष्यवृत्ती दिली व तो प्रश्न सुटला. माटुंग्याच्या रासायनिक तंत्रज्ञान विभागातून १९६६ साली पदवी व १९६९ साली डॉक्टरेट मिळवून ते इंग्लंडात सॉलफर्ड येथे अध्यापनास गेले, आणि १९७६ साली मायदेशी परतून पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेत रुजू झाले.

त्यांचा मूळ विषय बहुवारिकांचे, म्हणजे पॉलिमरचे, अभियांत्रिकी शास्त्र. परंतु १९८९ साली ते त्या प्रयोगशाळेचे संचालक झाले, तेव्हा त्यांच्यापुढे निराळाच प्रश्न उभा राहिला. त्या काळी परदेशी माल देशात सहजी येत नसे, त्यामुळे आपल्या प्रयोगशाळांचा पुष्कळसा वेळ बाहेर तयार झालेली वस्तू येथे कशी बनवावी हे शोधण्यात जाई. १९७० च्या पेटंट कायद्याने औषधांच्या बाबतीत फक्त कृतीवर हक्क मान्य केला होता, पदार्थावर नव्हे. स्वस्त औषधे मिळण्यास याचा फार उपयोग झाला. पण स्वतःचा शोध नोंदवून त्याचे रक्षण करण्याची सवय मात्र शास्त्रज्ञांस लागली नाही. संशोधन झाले की निबंध प्रसिद्ध करावा, आणि निबंध प्रसिद्ध झाला की काम संपले, अशी वहिवाट होती. माशेलकरांनी ती मोडण्याचा आग्रह धरला. आधी पेटंट घ्या, मग निबंध छापा, हे त्यांचे सांगणे होते. त्यांच्या प्रयोगशाळेने घेतलेल्या पेटंटांचे परवाने अमेरिकेच्या जनरल इलेक्ट्रिकसारख्या बलाढ्य कंपनीने विकत घेतले, तेव्हा ते सांगणे लोकांस पटू लागले.

१९९५ च्या जुलैत ते वैज्ञानिक व औद्योगिक संशोधन परिषदेचे महासंचालक झाले. ही परिषद १९४२ साली शांतिस्वरूप भटनागर यांच्या नेतृत्वाखाली उभी राहिली होती, आणि तिच्या प्रयोगशाळांची संख्या तोपर्यंत चाळीसच्या घरात गेली होती. त्याच वर्षीच्या १ जानेवारीस जागतिक व्यापार संघटना अस्तित्वात आली होती, आणि बौद्धिक संपदेचे नवे नियम देशावर बंधनकारक होऊ घातले होते. अशा संधिकालात हळदीचे प्रकरण त्यांच्या हाती आले.

सभा भरवून निषेधाचे ठराव करणे सोपे होते. परिषदेने निराळा मार्ग पत्करला. तिने ज्या कायद्याने अन्याय झाला, त्याच कायद्याचा आधार घेतला. ग्रंथालये धुंडाळून हळदीच्या औषधी गुणांचे ३२ लेखी आधार गोळा करण्यात आले. त्यांत संस्कृत, उर्दू व हिंदी भाषांतील जुने मजकूर होते, कांही शंभर वर्षांहूनही जुने. आणि भारतीय वैद्यक संघाच्या नियतकालिकात १९५३ साली प्रसिद्ध झालेला एक निबंधही होता. ऑक्टोबर १९९६ मध्ये फेरतपासणीचा अर्ज दाखल झाला. ऑगस्ट १९९७ मध्ये तपासणी अधिकाऱ्याने शोधात नावीन्य नसल्याचा निर्णय दिला, आणि १९९८ साली ते पेटंट विधिपूर्वक रद्द झाले. पारंपरिक ज्ञानाच्या बळावर एखाद्या विकसनशील देशाने अमेरिकेचे पेटंट रद्द करविल्याचे हे जगभर गाजलेले पहिले उदाहरण होय.

विजय झाला खरा. परंतु त्याचे मर्म विजयोत्सवात नव्हते. हळद जिंकली ती कोणीतरी पूर्वी लिहून ठेवले होते म्हणून. जे कोणी लिहिलेच नाही, त्याचे काय? शिवाय दर वेळी अशी झुंज देणे परवडणारे नव्हते. कडुनिंबाविषयीचे एक युरोपीय पेटंट २००० साली रद्द झाले, पण त्यावरील अपिलाचा निकाल लागण्यास २००५ साल उजाडले. म्हणून रोग झाल्यावर औषध शोधण्यापेक्षा रोग होऊच नये अशी तजवीज करणे शहाणपणाचे होते. २००१ साली परिषदेने भारतीय चिकित्सा पद्धतींच्या शासकीय विभागासह पारंपरिक ज्ञानाचे एक संगणकीय ग्रंथालय उभारण्यास आरंभ केला. आयुर्वेद, युनानी, सिद्ध व योग यांच्या ग्रंथांतील योग इंग्रजी, फ्रेंच, जर्मन, स्पॅनिश व जपानी या भाषांत उतरवून, पेटंट तपासणाऱ्यास शोधता येतील अशा वर्गवारीने त्यांत मांडले गेले. त्यांची संख्या चार लाखांवर गेली. २००९ साली युरोपीय पेटंट-कचेरीशी करार होऊन तेथील तपासनीसांस हे ग्रंथालय खुले झाले. इकडे २००२ च्या दुरुस्तीने भारताच्या कायद्यातही पारंपरिक ज्ञान हा शोध मानला जाणार नाही असे कलम आले. तिकडे अमेरिकेनेही २०११ साली आपला कायदा बदलला, आणि मार्च २०१३ पासून जगात कोठेही सार्वजनिक वापरात असलेली गोष्ट तेथे जुनी ठरू लागली. हळदीच्या वेळी ज्या हातांची साक्ष चालली नव्हती, त्यांस अखेर कायद्याने जागा दिली.

थोर कार्याचा इतिहास लिहिताना त्यातील उणी बाजू झाकून ठेवणे योग्य नव्हे. पेटंट कायद्यातील कांही मुद्द्यांवर सल्ला देण्यासाठी सरकारने माशेलकरांच्या अध्यक्षतेखाली एक तज्ज्ञ समिती नेमली होती. तिच्या २००६ सालच्या अहवालात दुसऱ्या एका अभ्यासातील मजकूर उल्लेखावाचून आल्याचे निदर्शनास आले. फेब्रुवारी २००७ मध्ये तो अहवाल मागे घेण्यात आला, आणि दुरुस्त करून २००९ साली पुन्हा सादर झाला. ज्याने जगास मूळ आधार दाखविण्याचा धडा दिला, त्याच्याच समितीच्या कागदात आधाराचा उल्लेख राहून जावा, ही दैवाची थट्टा खरी. परंतु तिनेही तोच धडा पक्का केला की, ज्याचे ज्ञान त्याचे नाव कागदावर असलेच पाहिजे.

नाव कागदावर आले म्हणजे भाकरीचा प्रश्न सुटतो काय? याचे उत्तर चंद्रपूर जिल्ह्यातील दादाजी खोब्रागडे यांच्या चरित्रात आहे. अल्पशिक्षित, अल्पभूधारक अशा या शेतकऱ्याने आपल्या तुकड्यात वेगळ्या दिसलेल्या भाताच्या लोंब्या निवडून एक नवे वाण सिद्ध केले, आणि त्या वेळच्या नामांकित घड्याळावरून त्यास 'एचएमटी' हे नाव पडले. ते दूरवर पसरले. शेतकरी व कारागीर यांचे शोध हुडकून नोंदविण्यासाठी २००० साली अहमदाबादेस राष्ट्रीय नवप्रवर्तन प्रतिष्ठान निघाले होते व माशेलकर त्याचे दीर्घकाळ अध्यक्ष होते. त्या प्रतिष्ठानाचा पुरस्कार दादाजींस २००५ साली राष्ट्रपती डॉ. अब्दुल कलाम यांच्या हस्ते मिळाला. तरीही जून २०१८ मध्ये त्यांचा अंत झाला तो विपन्नावस्थेतच. सन्मान आणि उत्पन्न यांच्यामध्ये जी दरी आहे, ती नुसत्या प्रशस्तिपत्राने बुजत नाही.

हिंगोलीच्या हळदीपुढे हाच प्रश्न आहे. १९९७ च्या निकालाने तिची चोरी टळली. भाव वाढला नाही, आणि त्या निकालाचे ते कामही नव्हते. २०२४ साली 'वसमत हळद' या नावास भौगोलिक मानांकन मिळाले. पेटंट हे एका व्यक्तीचे वा संस्थेचे असते व कांही वर्षांनी संपते. मानांकन हे एका प्रदेशातील सर्व उत्पादकांचे असते आणि नूतनीकरण करीत गेल्यास टिकते. मात्र त्याचा लाभ घेण्यासाठी प्रत्येक शेतकऱ्याने अधिकृत वापरकर्ता म्हणून नोंद केली पाहिजे, आणि त्या नावाखाली दुसरीकडचा माल खपविला जाणार नाही, याची जागरूकता ठेवली पाहिजे. वसमत येथे राज्य शासनाने बाळासाहेब ठाकरे यांच्या नावाने हरिद्रा संशोधन व प्रशिक्षण केंद्र स्थापिले आहे. कोणत्या रानातील हळदीत कुरकुमीनचे प्रमाण किती, कोणते बेणे कोणत्या रोगास टिकते, किती वेळ शिजविल्याने रंग राखला जातो, याचा शेतकऱ्यास जो अनुभव आहे, तो अशा केंद्राने मोजून, तपासून, ज्याचा त्याच्या नावाने लिहून ठेवला, तरच त्याचा खरा उपयोग.

आपल्याकडे ज्ञानास कधी तोटा नव्हता. तोटा होता तो नोंदीचा. माशेलकरांच्या कार्याने ही उणीव देशाच्या ध्यानी आणून दिली आणि तिच्या निवारणाची एक रीतही घालून दिली. जुन्या ग्रंथांतील ज्ञानाची नोंद बरीचशी झाली आहे. जिवंत माणसांच्या हातांतील ज्ञानाची नोंद मात्र अजून व्हावयाची आहे, आणि तिला ग्रंथांइतका अवधी नाही. कारण ग्रंथ शतकानुशतके टिकतात, माणसे टिकत नाहीत.