‘वायरशार्क’ आणि एका प्रश्नाचा इतिहास

१/ डेबियन किंवा उबुंटूवर ‘वायरशार्क’ बसविताना पडद्यावर एक प्रश्न उमटतो: सामान्य वापरकर्त्यांना नेटवर्कवरील पॅकेट टिपण्याची मुभा द्यावी काय? आधीच निवडलेले उत्तर असते ‘नाही’. बहुतेक जण ‘एंटर’ दाबून पुढे जातात. या ‘नाही’मागे मोठा इतिहास आहे. #थ्रेड

२/ ऑक्टोबर १९८६. कॅलिफोर्नियातील लॉरेन्स बर्कली प्रयोगशाळा आणि बर्कली विद्यापीठ यांत अंतर जेमतेम ४०० यार्ड. त्यांमधील वहनवेग सेकंदाला ३२ हजार बिटांवरून अवघ्या ४० बिटांवर कोसळला. तारा तुटल्या नव्हत्या. वाहतूकच तुंबली होती.

३/ हरवलेली पॅकेट पुन्हा पाठविण्याच्या घाईत संगणकच कोंडी वाढवीत होते. व्हॅन जेकबसन यांनी मायकेल कॅरल्स यांच्यासह १९८८ साली त्यावर उपाय मांडला. त्याच सुमारास जेकबसन, क्रेग लेरेस आणि स्टीव्हन मॅकॅन यांनी या प्रयोगशाळेत ‘टीसीपीडम्प’ लिहिले. तारेतून जाणारे पॅकेट आता ओळीओळीने वाचता येऊ लागले.

४/ १९९७ अखेर. अमेरिकेतील कॅन्सस सिटीत एका लहान इंटरनेट कंपनीत जेराल्ड कोम्ब्स काम करीत होते. बाजारातील विश्लेषक प्रणाली सुमारे १५०० डॉलरच्या, आणि त्यांच्या लिनक्स-सोलारिसवर न चालणाऱ्या. त्यांनी स्वतःच एक प्रणाली लिहावयास घेतली: ‘इथेरिअल’.

५/ जुलै १९९८ मध्ये तिची ०.२.० आवृत्ती खुली झाली. काही दिवसांतच अपरिचितांकडून दुरुस्त्या येऊ लागल्या.

६/ २००६ साली कोम्ब्स यांनी नोकरी बदलली. ‘इथेरिअल’ या नावाचा व्यापारचिन्ह-हक्क मात्र जुन्या कंपनीकडेच राहिला. पण प्रणाली जीपीएल परवान्याखाली मुक्त होती. नाव मागे राहिले, प्रणाली पुढे गेली. ‘वायरशार्क’ हे तिचे नवे नाव.

७/ आता मूळ प्रश्नाकडे. पॅकेट टिपण्यास लिनक्समध्ये विशेष अधिकार लागतात. म्हणून पूर्वी अनेक जण संपूर्ण प्रणालीच ‘रूट’ म्हणून चालवीत. धोका असा की ही प्रणाली परक्यांनी पाठविलेली माहिती उलगडते. उलगडणाऱ्या भागात एखादी चूक राहिली, तर हल्लेखोराच्या हाती सगळा संगणक जाऊ शकतो.

८/ यास्तव कामाची विभागणी झाली. ‘डम्पकॅप’ हा छोटा भाग मोजक्या अधिकारांनिशी केवळ पॅकेट टिपतो. उलगडण्याचे काम सामान्य वापरकर्त्याच्या अधिकारात चालते.

९/ ‘होय’ म्हटल्यास ‘वायरशार्क’ नावाचा गट तयार होतो. त्यात आपले नाव घालून, लॉगआउट करून पुन्हा लॉगइन करावे लागते. ‘नाही’ म्हणून मग ‘सुडो’ने सगळी प्रणाली चालविणे म्हणजे तोच जुना धोका पत्करणे होय.

१०/ मात्र या गटातील प्रत्येकाला त्या संगणकातून जाणारी वाहतूक टिपता येते. सामायिक संगणकावर तेथे कोणाचे नाव घालावे, हा विश्वासाचा प्रश्न आहे. म्हणूनच ते उत्तर माणसावर सोपविलेले आहे.