जिना उतरणारी आकृति

कलेच्या इतिहासांत नव्याजुन्यांचीं भांडणें पुष्कळ आढळतात. पण नव्यानेंच नव्याची वाट अडविली, असा प्रसंग विरळा. मार्सेल द्यूशाँ या फ्रेंच चित्रकाराच्या ‘जिना उतरणारी नग्नाकृति, क्रमांक २’ या चित्राच्या वांट्यास तो १९१२ सालीं आला.

चित्र सुमारें दीड मीटर उंचीचें, तपकिरी व पिवळसर लांकडी रंगांचें. त्यांत नाकडोळे शोधूं जाणाऱ्याची निराशाच व्हावयाची. जिना उतरणाऱ्या एकाच देहाच्या एकामागून एक अवस्था, एकमेकींवर चढलेल्या कोनाकार पट्ट्यांच्या रूपानें, वरून खालीं येतांना दिसतात. मारे या फ्रेंच शरीरशास्त्रज्ञानें गेल्या शतकापूर्वींच्या शतकांत चालत्याधांवत्या देहाची क्षणोक्षणींची हालचाल छायाचित्रांत टिपली होती, व ती द्यूशाँच्या पाहण्यांत होती. छायाचित्रानें तुकडे पाडून दाखविलेली गति एका स्थिर पटावर एकत्र कशी आणावी, हा त्याचा प्रश्न होता.

मार्च महिन्यांत त्यानें हें चित्र पॅरिसच्या ‘स्वतंत्र’ कलावंतांच्या प्रदर्शनाकडे पाठविलें. १८८४ सालीं स्थापन झालेल्या या संस्थेचें ब्रीदच असें कीं, येथें परीक्षक नाहींत व पारितोषिकेंहि नाहींत. अशा ठिकाणीं अडथळा आणला तो घनवादी मित्रांनीं. वस्तूचे तुकडे करून तिच्या अनेक बाजू एकदम दाखविणारा हा पंथ; ग्लेझ व मेत्सँजे हे त्याचे धुरीण. नग्न देह चित्रांत पहुडावा अथवा उभा राहावा. तो पायऱ्या उतरूं लागला, आणि तसें नांवहि चित्रावरच अक्षरांत लिहिलें गेलें, यांत त्यांस थट्टेचा वास आला. शिवाय आदल्याच महिन्यांत इटलीच्या भविष्यवाद्यांनीं पॅरिसमध्यें आपलीं चित्रें मांडलीं होतीं. गति हा त्यांचा मंत्र. तो प्रतिपक्षाचा सूर आपल्या दालनांत कशाला? निरोप घेऊन आले ते चित्रकाराचे दोघे सख्खे वडील भाऊ. निदान नांव तरी बदल, एवढीच विनंति. चोवीस वर्षांच्या द्यूशाँनें वाद घातला नाहीं. भाड्याची मोटार करून त्यानें चित्र घरीं नेलें.

१९१३ सालीं न्यूयॉर्कमधील एका लष्करी इमारतींत भरलेल्या प्रचंड प्रदर्शनांत तें लागलें, आणि एकच हंशा पिकला. कोणी त्यास लांकडी कौलांच्या कारखान्यांतील स्फोट म्हटलें. त्यांतील बाई शोधून देणारास एका कलापत्रानें १० डॉलरांचें बक्षीस लावलें. माजी राष्ट्राध्यक्ष रूझवेल्ट यांस त्यापेक्षां आपल्या न्हाणीघरांतील नाव्हाहो गालिचा सरस वाटला. पण ही थट्टाच चित्राची दवंडी ठरली. सॅन फ्रॅन्सिस्कोच्या एका व्यापाऱ्यानें तें ३२४ डॉलरांस घेतलें. आज तें फिलाडेल्फियाच्या संग्रहालयांत आहे.

द्यूशाँच्या मनाला लागलें तें परक्यांचें हंसणें नव्हे, आपल्यांचा तो सौम्य निरोप. पुढें कोणत्याहि पंथांत तो रमला नाहीं. १९१७ सालीं न्यूयॉर्कच्या तशाच एका परीक्षकविरहित संस्थेनें ‘कारंजें’ ही त्याची टोपणनांवाची कृति नाकारली, तेव्हां संचालकपद सोडून तो बाहेर पडला.

ज्या मित्रांनीं चित्र परत नेवविलें, त्यांच्याच चित्रांना १९११ सालीं याच प्रदर्शनांत पॅरिसचे लोक हंसले होते. उपहास सोसणाऱ्यास पंचाचें आसन मिळावयास एक वर्ष पुरलें.