केशानची माती

मीठ आणि कापड यांखेरीज ज्या घराला बाजारातून काही आणावे लागत नाही ते घर सुखी, अशी आपल्याकडील जुन्या पिढीची दृढ समजूत असे. आणि सावकाराच्या उंबरठ्यावर झिजलेल्या रयतेची तशी समजूत व्हावी, यात नवल नव्हते. परंतु चीनच्या ईशान्य टोकाला, हेइलोंगजियांग प्रांतात, केशान नावाचा जो तालुका आहे, त्याची हकीकत वाचताना, या स्वावलंबनाच्या स्तोत्रातला एक चरण कोणीतरी गाळला असावा, असे मला प्रथमच वाटले.

१९३५ साली, हा मुलूख जपानी वर्चस्वाखालील मांचुकुओ राज्यात मोडत असताना, ऐन कडाक्याच्या थंडीत तेथील शेतकरी कुटुंबांतली धडधाकट माणसे, आणि त्यांतही मुले होण्याच्या वयातल्या स्त्रिया, छाती दाटून येऊन व पिवळे पाणी ओकून पाहता पाहता मरू लागल्या. मृतांची हृदये उघडून पाहिली तेव्हा ती फुगलेली, थुलथुलीत आणि जागोजागी निर्जीव झालेल्या स्नायूंची आढळली. रोगाला तालुक्याचेच नाव मिळाले. पुढे कळले ते असे की, हा रोग एकट्या केशानचा नसून, ईशान्येपासून नैर्ऋत्येकडील युन्नानपर्यंत देशाला तिरका छेदीत गेलेल्या एका विस्तीर्ण पट्ट्यात तो पसरला आहे; उत्तरेत तो हिवाळ्यात स्त्रियांना गाठतो, तर दक्षिणेत उन्हाळ्यात लहान मुलांना.

या रोगाचे खरे गूढ मात्र त्याच्या पक्षपातात होते. एकाच गावात शेतकऱ्याच्या घरी मृत्यू यावा आणि बाहेरच्या धान्यावर गुजराण करणाऱ्या पगारदाराच्या घरी तो फिरकूही नये, हे कसे? संसर्ग म्हणावा, तर तो घरमालकाचा धंदा विचारून आत शिरतो काय? फरक होता तो ताटातला. शेतकरी स्वतःच्या रानात पिकलेले धान्य आणि परसातली भाजी वर्षानुवर्षे खात होता. आणि त्या रानातच सेलेनियम नव्हते.

स्वीडनच्या बर्झेलियसने १८१७ साली गंधकाम्लाच्या कारखान्यातील गाळात शोधलेले आणि चंद्राच्या ग्रीक नावावरून नाव मिळालेले हे मूलद्रव्य दीर्घकाळ निव्वळ विष म्हणून ओळखले जाई. प्राण्यांना त्याचा अत्यल्प अंश आवश्यक आहे, हे क्लाउस श्वार्ट्झ यांनी १९५७ साली उंदरांवर दाखविले, आणि लगेच पुढच्या वर्षी कोकरांचे स्नायू पांढरे पाडणाऱ्या रोगाचाही याच उणिवेशी संबंध जुळला. मनुष्याची पाळी आली ती त्यानंतर. रोगट पट्ट्यातील माणसाच्या पोटात दिवसाकाठी जेमतेम ११ मायक्रोग्रॅम सेलेनियम जात होते. आज अमेरिकेत प्रौढ माणसाला ५५ मायक्रोग्रॅमची शिफारस केली जाते.

सिच्वान प्रांतातील म्येननिंग तालुक्यात १९७४ साली एक ते नऊ वर्षांच्या मुलांना सोडियम सेलेनाइटच्या गोळ्या आठवड्यातून एकदा देण्याची तजवीज झाली. त्या वर्षी गोळ्या घेणाऱ्या ४,५१० मुलांपैकी १० जणांना रोग झाला, तर न घेणाऱ्या ३,९८५ मुलांपैकी ५४ जणांना. पुढील वर्षी ६,७६७ मुलांत ७, आणि ५,४४५ मुलांत ५२. तेव्हा ही तुलना थांबवून १९७६ साली सर्वांनाच गोळ्या देण्यात आल्या. आकडे पाहता दुसरा मार्गच नव्हता.

मात्र या द्रव्याचा अतिरेकही तितकाच घातक. हूपे प्रांतातील एन्शी तालुक्यात कोळशाच्या थरांतून झिरपलेल्या सेलेनियमने माती भरलेली होती. १९६१ ते १९६४ या काळात, अवर्षणाने भात बुडाला आणि लोकांना स्थानिक मका व भाजीपाला यांवरच दिवस काढावे लागले, तेव्हा माणसांचे केस गळाले, नखे निखळली. दिवसाला सुमारे ५ मिलिग्रॅम, म्हणजे केशानच्या शेतकऱ्याच्या साडेचारशेपट सेलेनियम त्यांच्या पोटात जात होते. दोन टोकांच्या या दोन व्याधींचे कूळ मात्र एकच होते: आपल्याच शिवाराबाहेरचा घास न मिळणे. यांपैकी उणिवेच्या टोकावर फिनलंडने राजमार्ग काढला; तेथे १९८४ पासून शेतीच्या खतातच सेलेनियम मिसळले जाऊ लागले, म्हणजे दोष मातीचा, तर औषधही मातीलाच.

तरीही केशानचा रोग सेलेनियमने पुरता उलगडला, असे म्हणवत नाही. एकाच मातीत काही वर्षी तो भडके आणि काही वर्षी निद्रिस्त राही, हा चढउतार त्या एका उणिवेतून निघत नाही. म्हणूनच कॉक्सॅकी विषाणूचा हात पुढे चर्चेत आला, आणि सेलेनियमवाचून क्षीण झालेल्या उंदरांत निरुपद्रवी विषाणूही मारक रूप धारण करतो, असे मेलिंडा बेक यांच्या प्रयोगांत दिसले. त्याहूनही विचारात पाडणारी गोष्ट अशी की, जेथे गोळ्या पोचल्याच नाहीत अशा गावांतूनही रोग ओसरत गेला. तेथे पोचले होते ते दूरच्या शिवारांतले धान्य.