१८६८ चा सांसर्गिक रोगविषयक कायदा व स्त्री-पुरुषभेदाची कल्पना

एकोणिसाव्या शतकात हिंदुस्थानातील ब्रिटिश सरकारने गुप्तरोगांच्या निवारणार्थ जे उपाय योजिले, त्यांच्या मुळाशी वैद्यकाइतकीच स्त्री-पुरुषांच्या कामवर्तनाविषयीची एक नैतिक कल्पना होती. १८६८ चा सांसर्गिक रोगविषयक कायदा हे तिचे ठळक उदाहरण होय.

ह्या उपायांचा उगम लष्करी गरजेत होता. १८५७ च्या उठावानंतर गोऱ्या सैन्याची संख्या वाढली. त्यातील बहुसंख्य शिपाई अविवाहित होते. विवाहाची परवानगी थोड्यांनाच मिळे. उपदंश व परमा ह्या रोगांमुळे अनेक शिपाई रुग्णालयात पडून राहत. १८६४ च्या कायद्याने छावण्यांतील आणि १८६८ च्या कायद्याने मोठ्या शहरांतील वेश्यांची नोंदणी व नियतकालिक शारीरिक तपासणी सक्तीची करण्याची सोय झाली. रोगी ठरलेल्या स्त्रीस ‘लॉक हॉस्पिटल’मध्ये अडकवून ठेवीत. मुंबईत हा कायदा १८७० साली लागू झाला, १८७२ साली स्थगित झाला व १८८० साली पुन्हा अमलात आला. तिच्याकडे जाणाऱ्या नागरी पुरुषास मात्र त्याने स्पर्शही केला नाही.

ह्या भेदाचे समर्थन विलायतेतील तत्सम कायद्यांची चौकशी करणाऱ्या राजनियुक्त आयोगाने १८७१ साली उघडपणे केले. स्त्रीचे कृत्य द्रव्यलोभाचे, तर पुरुषाचे केवळ नैसर्गिक प्रेरणेचे स्खलन. म्हणून दोघांची तुलनाच होऊ शकत नाही, असा त्याचा आशय होता. जोसेफाइन बटलर व त्यांच्या सहकारी स्त्रियांनी १८६९ पासून ह्याच भूमिकेवर आघात केला. विलायतेतील कायदे १८८६ साली व हिंदुस्थानातील कायदा १८८८ साली रद्द झाला.

आरोग्याच्या दृष्टीनेही ही योजना सदोष होती. परम्याचा जंतू १८७९ साली व उपदंशाचा १९०५ साली ओळखला गेला. तत्पूर्वीची तपासणी केवळ डोळ्यांनी होई. आणि स्त्रियांत परम्याची लक्षणे पुष्कळदा प्रकटच होत नाहीत. शिवाय एका स्त्रीस बरे करून सोडले, तरी तिला रोग देणारा पुरुष मोकळाच राही. १८९५ च्या सुमारास गोऱ्या सैनिकांतील रुग्णप्रवेशाचे प्रमाण दर हजारी ५०० च्या वर गेले. कायदा रद्द झाल्याचेच हे फळ, असे त्याचे समर्थक म्हणत. परंतु कायदा अमलात असतानाच, १८८० नंतरच्या वर्षांत, हे प्रमाण वाढू लागले होते, ही गोष्ट ते दृष्टीआड करीत. १८९७ साली छावण्यांत नियंत्रणाचे अधिकार अंशतः पुन्हा देण्यात आले. तथापि पुढील दशकातील घट केवळ त्यांच्या खाती जमा करता येत नाही. किचनेर सरसेनापती असताना शिपायांना संयमाचा उपदेश झाला व त्यांच्या करमणुकीकडेही लक्ष पुरविले गेले. रोगनिवारणाचा विचार पुरुषाच्या वर्तनापर्यंत पोहोचला होता.

स्त्री-पुरुषांच्या कामवर्तनात भेद असू शकतो. परंतु रोगाचा संसर्ग तो भेद मानीत नाही. ह्या कायद्याने सामाजिक समजुतीस निसर्गनियमाचे रूप दिले आणि त्याचे मोल स्वातंत्र्य गमावलेल्या स्त्रियांनी चुकविले. सैन्याचे आरोग्यही त्याने साधले नाही.