पडीक जमिनीवरील हत्ती

उष्ण कटिबंधातील समुद्रकाठ, त्याला लागलेले रान, आणि त्यांत विस्मृत मानवसमाजाच्या खुणा, एवढे वर्णन केले की ऐकणाऱ्याच्या मनात मेक्सिकोतील युकातान यावे, हे स्वाभाविक आहे. तेथे तुलुम येथे माया लोकांचे तटबंदीचे नगर सागराच्या कड्यावरच उभे आहे, आणि त्या किनाऱ्याच्या वाळूत आजही कासवे अंडी घालण्यास येतात. दिल्लीत राहणाऱ्या मराठी मंडळींपैकीही काहींनी हे स्थळ पाहिलेले असते. रत्नागिरी जिल्ह्यातील कशेळीचे नाव मात्र त्यांच्या कानांवर क्वचितच आलेले असते.

राजापूर तालुक्यातील कशेळी कनकादित्याच्या मंदिरासाठी प्रसिद्ध आहे. शिलाहार राजा दुसरा भोज याने 1191 साली दिलेला ताम्रपट या गावाचा. कोकणच्या इतिहासाचा आरंभ आपण बहुधा लेण्यांपासून आणि अशा लेखांपासून धरतो. त्यापूर्वीचे कोणी विचारलेच, तर परशुरामाने समुद्र मागे हटविला, या कथेवर वेळ मारून नेतो. पण याच गावच्या सड्यावर, म्हणजे जांभ्या दगडाच्या उघड्या माळावर, सुमारे 18 मीटर लांब आणि 13 मीटर रुंद असा एक हत्ती कातळात कोरलेला आहे. तो ताम्रपटाहून हजारो वर्षांनी जुना असावा, असे अभ्यासक मानतात.

हा हत्ती उभ्याने पाहिला तर दिसत नाही. पायांखाली केवळ उथळ चर असतात. त्यांच्या कडेने चालत गेले, की मग कुठे पाठीची रेषा, सोंड, पाय यांची मनात जुळणी होते. सारी आकृती एका दृष्टीत यावयाची तर उंचावरूनच पाहावी लागते. कोरणाऱ्याला अशी उंची मिळणे शक्य नव्हते, तरी रेषा चुकलेली नाही. आणखी नवल त्याच्या अंगात आहे. हत्तीच्या बाह्यरेषेच्या आत कितीतरी लहानमोठे प्राणी कोरलेले असून त्यांत पाकट आणि शार्क यांसारखे मासेही आहेत. रान आणि दर्या या दोहोंशी व्यवहार असलेल्या माणसाचाच हा हात.

रत्नागिरीचे सुधीर रिसबूड, धनंजय मराठे आणि त्यांचे सहकारी यांनी गावोगाव हिंडून, गुराख्यांना आणि वृद्धांना विचारून अशी स्थळे शोधून काढली. आज आकृत्यांची संख्या हजारावर गेली आहे. त्यांत गेंडाही आहे, जो कोकणात आज नाही. ही कल्पना वाटू नये म्हणून सांगतो, की पुण्याच्या डेक्कन कॉलेजचे डॉ. ह. धी. सांकलिया यांना उत्तर गुजरातेत लांघणज येथील अश्मयुगीन वस्तीत गेंड्याचे हाड मिळाले होते. उलट, शेतीची दृश्ये या कातळांवर आढळत नाहीत. म्हणून हे लोक शिकारीवर आणि मासेमारीवर जगणारे असावेत, असा तर्क केला जातो. नेमका काळ ठरविणे कठीण आहे, कारण दगडातून दगड काढून टाकला, की कालमापनास लागणारा सेंद्रिय पदार्थ मागे उरत नाही. माया लोकांची लिपी 1952 नंतर हळूहळू उलगडत गेली आणि त्यांचे राजे नावागावांनिशी बोलू लागले. आमच्या सड्यावर लिपीच नाही.

आता थोडे आमच्या सरकारी भाषेविषयी. महसुली दप्तरात लागवडीस निरुपयोगी जमिनीला ‘पोटखराब’ म्हणतात. केंद्र शासनाच्या भूसंसाधन विभागाने 2019 साली प्रसिद्ध केलेल्या पडीक जमिनींच्या नकाशासंग्रहातही ओसाड खडकाळ भूमीचा एक वेगळा वर्ग आहे, आणि कोकणचा सडा त्यात अगदी सहज बसतो. शब्द सारावसुलीच्या सोयीचा. पण एकदा कागदावर चढला, की जमीन रिकामी आहे असे पुढच्या प्रत्येक टेबलावर गृहीत धरले जाते. मग तेथे चिऱ्याची खाण निघते, रस्ता जातो, सुरुंग लावून आंब्याची कलमे लागतात. पावसाळ्यात याच ओसाड कातळावर सीतेची आसवे आणि गेंद यांची निळीपांढरी फुले पसरतात, त्यांची नोंद कोणत्या रकान्यात करावयाची?

2022 साली युनेस्कोच्या संभाव्य वारसास्थळांच्या यादीत कोकणातील नऊ स्थळे गेली: रत्नागिरी जिल्ह्यातील सात, सिंधुदुर्गातील कुडोपी आणि गोव्यातील फणसामळ. त्या सातांत बारसू आहे. तेथे दोन वाघांच्या मध्ये उभा असलेला माणूस कोरलेला आहे, आणि तो पाहताना मोहेंजोदारोच्या मुद्रेची आठवण होतेच. त्याच बारसूच्या सड्यावर एप्रिल 2023 मध्ये प्रस्तावित तेलशुद्धीकरण प्रकल्पासाठी माती परीक्षण सुरू झाले आणि ग्रामस्थ विरोधाला उभे राहिले. प्रकल्प हवा की नको, हा येथे माझा विषय नाही. वाद पेटेपर्यंत त्या माळाखेरीज तेथे आणखी काही आहे, हे महाराष्ट्रातील किती जणांना ठाऊक होते, एवढेच विचारतो.

संभाव्य यादीतले नाव म्हणजे संरक्षण नव्हे. ते काम अखेर जागेवरच्या माणसांकडे येते. रत्नागिरी तालुक्यातील उक्षी येथेही कातळात एक हत्ती आहे. तेथील लोकांनी त्याच्याभोवती गोल कठडा बांधून घेतला. आता पाहुणे कठड्याशी उभे राहून हत्ती पाहतात, आणि त्याच्या पाठीवरून कोणी चालत जात नाही.