कॅमेरा घडवणारं गाव

सिनेमा कसा तयार होतो हे बघायला आमच्या कोल्हापूरची मंडळी हैदराबादच्या रामोजी फिल्म सिटीत जातात. खोट्या रेल्वे स्टेशनासमोर फोटो काढून खूश होऊन परततात. हे कुतूहल जुनंच आहे. दादासाहेब फाळक्यांनी १९१७ च्या सुमारास चित्रपट कसे तयार होतात या विषयावर एक छोटी फिल्मच काढली होती. तिच्यात ते स्वतः काम करताना दिसतात.

त्याच काळात कोल्हापुरात बाबूराव पेंटर कॅमेरा घडवत होते. बाबूराव आणि आनंदराव हे मेस्त्री घराण्यातले भाऊबंद. नाटक कंपन्यांचे पडदे रंगवायचे, म्हणून दोघांनाही ‘पेंटर’ हे नाव चिकटलं. कॅमेऱ्याचा ध्यास आधी आनंदरावांचा. ते १९१६ मध्ये गेले, आणि बाबूरावांनी आपले सहकारी दामले यांना हाताशी घेऊन काम तडीला नेलं.

हे काम काय होतं ते समजून घ्यायला हवं. कॅमेऱ्यात फिल्म सलग वाहत नाही. एक चौकट पुढे सरकते, थांबते, तेवढ्यात तिच्यावर प्रकाश पडतो. मग झडप मिटते आणि पुढची चौकट येते. हे सेकंदाला पंधरा-सोळा वेळा, तेही हाताने हँडल फिरवून. दातेरी चाक केसभर चुकलं तरी पडद्यावरचं चित्र थरथरतं. असं यंत्र लेथवर घडवणाऱ्या त्या हातांना मी मनापासून नमस्कार करतो.

त्या कॅमेऱ्यातून बाबूरावांच्या महाराष्ट्र फिल्म कंपनीचा ‘सैरंध्री’ आला, १९२० मध्ये. त्यातला कीचकवध इतका खरा वाटला की सेन्सॉरची कात्री लागली. पुढे ‘सिंहगड’मध्ये बाबूरावांनी रात्रीच्या प्रसंगांसाठी कृत्रिम दिवे वापरले. शांताराम, दामले, फत्तेलाल ही सगळी याच कारखान्यात तयार झालेली माणसं. १ जून १९२९ ला त्यांची ‘प्रभात’ फिल्म कंपनी निघाली तीही कोल्हापुरातच. पुण्याला गेली ती १९३३ मध्ये.

माझे वडील इथल्याच सिनेमाच्या सेटवरचे सुतार. आम्ही त्यांना आबा म्हणायचो. राजवाड्याची भिंत त्यांनी मला मागून दाखवली होती: लाकडी चौकटी, त्यावर ताणलेलं किंतान, तिरप्या टेकूंचे खिळे. पुढून मात्र दगडी. आबा म्हणाले, “कॅमेऱ्याला दिसतंय तेवढंच उभं करायचं. पर दिसतंय तेवढ्यात खोट चालत न्हाई.” कोल्हापूरचा सगळा सिनेमा मला त्या एका वाक्यात सापडतो.

आज कोल्हापूरच्या खरी कॉर्नरला कॅमेऱ्याचा स्तंभ आहे. तो असायलाच हवा. पण दगडातलं हँडल कुणाला फिरवता येत नाही. मोरेवाडीला चित्रनगरी आहे, तिथे शूटिंगही होतं. तिथल्या कारभाऱ्यांकडे माझं एकच मागणं आहे: बाबूरावांच्या कॅमेऱ्यासारखा चालता कॅमेरा आपल्याच लेथवाल्यांकडून करून घ्या, आणि शाळेच्या पोरांना तो हाताने फिरवू द्या. शेजारी एक भिंत उभी करा आणि ती मागूनही बघू द्या. किंतान ताणणारे, रंग देणारे म्हातारे कारागीर अजून गावात आहेत. ते हयात आहेत तोवर त्यांना तिथे शिकवायला बसवा.