वऱ्हाडचे गहाण

बंगळूरच्या कँटोन्मेंटात बिऱ्हाड केलेल्या आपल्यापैकी पुष्कळांना ठाऊक असेल की, 1881 साली म्हैसूर संस्थान वाडियार घराण्याच्या हाती परत आले, तेव्हा हा भाग मात्र इंग्रजांनी कारभारासाठी ठेवून घेतला. स्वामित्व महाराजांचे, अंमल इंग्रजांचा. 1947 साली तो सुखरूप परत गेला. वऱ्हाडचेही स्वामित्व असेच एकाकडे व अंमल दुसऱ्याकडे होता. पण तेथे मुळाशी कर्ज होते, आणि ते गहाण कधी सुटलेच नाही.

'हैदराबाद कंटिन्जंट' ही फौज नावाने निजामाची. अधिकारी इंग्रज, हुकूम रेसिडेंटचा, पगार तेवढा निजामाचा! शांततेच्या काळात ती पोसण्याचे बंधन 1800 च्या तहात नव्हते, हे खुद्द डलहौसीनेही कबूल केले होते. तरी पगार थकला की कंपनी तो भरी आणि रक्कम व्याजासह निजामाच्या नावे मांडी. हे देणे सुमारे 45 लाखांवर गेल्यावर, 21 मे 1853 च्या तहाने वऱ्हाड, धाराशीव व रायचूर दोआब इंग्रजांच्या ताब्यात गेले. उत्पन्नातून फौजेचा खर्च व देणे भागवावे, दरसाल हिशेब द्यावा, शिल्लक निजामास पोचवावी, असे ठरले.

1857 मध्ये निजाम एकनिष्ठ राहिला. त्याची बक्षिसी म्हणून 1860 साली 50 लाखांचे देणे माफ झाले, धाराशीव व रायचूरही परत मिळाले. वऱ्हाड तेवढे राहिले, आणि हिशेब मागण्याचा हक्क गेला. सावकाराने कागद फाडावा, पण शेत सोडू नये, तसाच हा प्रकार. पुढे अमेरिकेतील यादवीमुळे वऱ्हाडी कापसाला सोन्याचा भाव आला. मग ते कोण सोडतो?

सालारजंगाने फौजेचा खर्च भागेल एवढे भांडवल ठेव म्हणून देऊ केले. निजाम अज्ञान आहे, तो वयात येईपर्यंत थांबा, असे उत्तर मिळाले. 1902 साली कर्झनने मीर महबूब अली खानाकडून सालीना 25 लाखांवर कायमचा पट्टा घेतला. लगेच 1903 साली ती फौजही हिंदी लष्करात विलीन झाली, म्हणजे गहाणाचे कारणच उरले नाही! उस्मान अली खानाने 1923 साली पुन्हा मागणी केली, तेव्हा 1926 साली रीडिंगने बजावले की, सार्वभौम सत्तेशी बरोबरीच्या नात्याने वाद घालण्याचा अधिकार कोणाही संस्थानिकास नाही.

1936 च्या करारात निजामाचे स्वामित्व मान्य झाले, त्याच्या युवराजास 'प्रिन्स ऑफ बेरार' हा किताबही मिळाला. वऱ्हाडचा कुणबी सारा भरत राहिला तो नागपूरच्याच सरकारकडे.